नोराची वाट

एक जुना अभिप्राय मला मागे घ्यायचा आहे. समीक्षकाने असे वारंवार करू नये. केल्यास त्याच्या पहिल्या मताला कोणी किंमत देत नाही, लोक दुसऱ्याची वाट पाहत बसतात. परंतु काही चुका केवळ एका कृतीविषयीच्या नसतात, आपण वाचतो कसे याविषयीच्या असतात. माझी चूक एका मांजराविषयी होती.

अकिरा कुरोसावा यांचा 'मादादायो' हा अखेरचा चित्रपट १९९३ सालचा. तो पाहिल्यावर मी एका छोट्या नियतकालिकात त्यावर चार पाने लिहिली होती. चित्रपटाचा नायक जर्मन शिकवणारा एक वृद्ध प्राध्यापक. युद्धातल्या बॉम्बवर्षावात त्याचे घर जळते. तो पत्नीसह एका खोपटात राहू लागतो आणि तिथेही थट्टामस्करी सोडत नाही. त्याचे जुने विद्यार्थी दरवर्षी त्याचा वाढदिवस साजरा करतात, 'अजून नाही का?' असे एका सुरात विचारतात, आणि तो बिअरचा भला मोठा पेला रिकामा करून 'मादादायो', म्हणजे 'अजून नाही', असे उत्तर देतो. प्रश्न अर्थातच मरणाचा असतो. इथवर सारे मला आवडले होते. मग त्याचे मांजर बाहेर जाते आणि परत येत नाही. प्राध्यापकाचे अन्नपाण्यावरून मन उडते, तो रडतो. विद्यार्थी गल्लोगल्ली शोध घेत हिंडतात. मी लिहिले होते की, घर जळताना ज्याचे डोळे ओले झाले नाहीत तो माणूस बोक्यासाठी रडतो, हे प्रमाणाचे भान सुटल्याचे लक्षण आहे. ज्या दिग्दर्शकाने रणांगणे उभी केली त्याने उतारवयात भावविवशतेला शरण जावे याचे वाईट वाटते. 'भावविवशता' हा शब्द तेव्हा माझ्या अगदी हाताशी असे. तो एकदा वापरला की पुढे विचार करावा लागत नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, पुण्यात राहून जपानी शिकलेल्या एका स्नेह्याने चित्रपटामागचे मूळ लेखन माझ्याशेजारी बसून, वाक्यावाक्याला थांबत, मला वाचून दाखवले. तेव्हा माझी चार पाने मला आठवली आणि कान गरम झाले.

तो प्राध्यापक म्हणजे उचिदा ह्याक्केन. जन्म १८८९, ओकायामा येथला; मृत्यू १९७१. गावाजवळच्या नदीचे नाव त्याने टोपणनाव म्हणून घेतले. नात्सुमे सोसेकी या थोर कादंबरीकाराच्या शिष्यमंडळातला हा माणूस. जर्मनचा अध्यापक, हायकू लिहिणारा, पिंजऱ्यात पाखरे पाळणारा, आणि काही काम नसताना केवळ आगगाडीत बसण्यासाठी प्रवास करून त्यावर लेख लिहिणारा. मांजरांचे त्याला फारसे कौतुक नव्हते. अशा घरात एका भटक्या मांजरीचे पिलू आले आणि राहिले. भटक्या मांजराला जपानीत 'नोरा-नेको' म्हणतात, म्हणून त्याचे नाव नोरा. 'घरकुल'च्या रूपाने अनंत काणेकरांनी इब्सेनची नोरा आपल्याकडे आणली असल्यामुळे मराठी वाचकाला या नावाने निराळेच काही आठवेल. ह्याक्केनलाही ते आठवले होते. परंतु ती नोरा बाई आणि हा बोका, असे सांगून तो पुढे जातो. दोघेही घर सोडून गेले. एकीने जाताना दार आपटले, दुसऱ्याचा आवाजही झाला नाही.

२७ मार्च १९५७ रोजी दुपारी नोरा अंगणात उतरला, तोकुसा नावाच्या हिरव्या नळ्यांसारख्या झुडपांतून पलीकडे गेला, आणि पुन्हा दिसला नाही. पुढे जोराचा पाऊस झाला. 'नोरा या' हे पुस्तक या एवढ्या घटनेचे आहे. ('या' हे आपल्या 'रे'सारखे, नाव मराठीत सांगायचे तर 'नोरा रे' असे होईल.) दिवस मोजत लेखक लिहीत जातो. वर्तमानपत्रात जाहिरात दिली. वर्तमानपत्रांच्या घड्यांत घालून घरोघर पत्रके वाटली. ती पुरली नाहीत म्हणून पुन्हा छापली. आसपास परदेशी माणसे राहत, तर त्यांच्यासाठी इंग्रजीत पत्रक काढले. कुणी तरी कळवी की अमुक ठिकाणी तसे मांजर दिसले. कुणी जाऊन पाहून येई. ते दुसरेच निघे. नोरा न्हाणीघरातल्या टाकीच्या झाकणावर ऊब घेत झोपायचा, म्हणून लेखकाला कित्येक दिवस स्नानाला जाववेना. त्या झाकणावर तोंड टेकून तो बोक्याला हाका मारी. सुशीच्या दुकानातून येणारे अंड्याचे धिरडे नोराला फार आवडे, तर त्या दुकानातून काही मागवणेच बंद झाले. सत्तरीकडे झुकलेला एक मान्यवर लेखक हे सारे छापून प्रसिद्ध करतो, आणि कुठेही ओशाळत नाही.

हे वाचताना मला प्रथम जाणवले ते असे की, आपला लघुनिबंध हे करू शकला नसता. मी त्या वाङ्मयप्रकाराचा द्वेष्टा नाही. त्यातल्या कित्येकांवर माझे शाळकरी मराठी पोसले आहे. परंतु त्याची एक खोड आहे. तो मांजरापासून निघतो आणि तिसऱ्या पानावर जीवनापाशी पोहोचतो. मांजर खिडकीतून उडी मारते न मारते तोच लेखकाला सांगायचे असते की, माणसाचे सुखही असेच खिडकीतून निसटते. मांजर बिचारे शिडीसारखे वापरले जाते, आणि वर पोहोचल्यावर शिडी कुठे गेली हे कोणी पाहत नाही. आपल्या विनोदी लेखनात ते येते, पण दूध सांडण्यापुरते. ह्याक्केन मांजरावरून कुठेही जात नाही. नोरा म्हणजे तारुण्य नव्हे, युद्धात जळून गेलेले तोक्यो नव्हे, मेलेले मित्र नव्हेत. नोरा म्हणजे नोरा, आणि तो आलेला नाही. त्याचे लेखन थोर ठरते ते या हट्टामुळे. मी ज्याला भावविवशता म्हटले होते ती खरी पाहता प्रतीक करण्यास दिलेला नकार होता. आणि आमच्या पिढीच्या समीक्षेला प्रतीक नसलेले दुःख म्हणजे कच्चे दुःख वाटे.

मांजराच्या बाबतीत हा नकार विशेष अवघड आहे, कारण त्याचे अर्धे आयुष्य आपल्या दृष्टीआड जाते. कुत्रा बाहेर जातो तोही बहुधा आपल्याबरोबर, गाय गुराख्याबरोबर. मांजर एकटे जाते, अंगाला कसलासा वास आणि कानाला एखादा ओरखडा घेऊन परतते, आणि सांगत काही नाही. या कोऱ्या जागेचे काय करायचे, हा मांजरावर लिहिणाऱ्या प्रत्येकापुढचा प्रश्न आहे. जुन्यांनी तो झटकन सोडवला. त्यांना खात्री होती की, आपली पाठ वळली की मांजर पाप करते. उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकरवी पांडवांना निरोप पाठवतो त्यात गंगातीरी हात वर करून तप करणारे मांजर आहे. उंदीर त्याच्यावर विश्वासतात आणि एकेक करून कमी होऊ लागतात. 'हितोपदेशा'तला दीर्घकर्ण आंधळ्या गिधाडाच्या ढोलीत धर्माच्या गोष्टी सांगत राहतो, पाखरांची पिले खातो, आणि प्राण जातो तो गिधाडाचा. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या शिल्पपटावर एक मांजर मागल्या पायांवर उभे राहून तपश्चर्या करते आहे आणि भोवती उंदीर आहेत. शिल्पकाराने मात्र त्या मांजराचे खपाटीला गेलेले पोट इतक्या प्रेमाने कोरले आहे की, तो कथेच्या बाजूचा होता की मांजराच्या, याचा मला अजून निवाडा करता आलेला नाही.

इंग्रजीत रडयार्ड किपलिंगने या जागेत अभिमान भरला. १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या या लेखकाची 'एकटे हिंडणारे मांजर' ही गोष्ट १९०२ च्या संग्रहात आली. कुत्रा, घोडा, गाय माणसाच्या स्वाधीन होतात; मांजर तेवढे करार करून शेगडीची ऊब आणि दूध मिळवते आणि रात्री आपल्या वाटेने निघून जाते. गोष्ट देखणी आहे, पण तिने एक रूढी पाडली. तेव्हापासून प्रत्येक बोका तत्त्वज्ञ ठरला. आपल्याकडच्या बायका याहून व्यवहारी. मांजर पिले सात घरे फिरवते, एवढेच त्या सांगतात, आणि सातांतले एक घर आपले हे धरून चालतात.

बोका खरोखर कुठवर जातो हे आता बरेचसे मोजून झाले आहे. २०१३ साली इंग्लंडमधल्या सरी परगण्यातील एका खेड्यात बीबीसीने पन्नास मांजरांच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठिकाण कळवणारी यंत्रे बांधली. मांजरे वेळा वाटून घेतल्यासारखी एकाच वाटेने आळीपाळीने हिंडताना दिसली, आणि काही खुशाल दुसऱ्यांच्या घरात शिरून जेवत होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत सहा देशांतील ९२५ पाळीव मांजरे होती; त्यांतली बहुतेक घरापासून शंभर मीटरांच्या आतच वावरत होती. शंभर मीटर म्हणजे आपल्या पेठेतल्या कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत. किपलिंगचे रान तेवढ्यात संपते. खच्ची न केलेला तरुण बोका मात्र, विशेषतः माजाच्या दिवसांत, त्यापलीकडे जातो, भांडतो, वाट चुकतो. जपानी हायकूत 'मांजरांचे प्रेम' हा वसंतारंभाचा ऋतुसूचक शब्दच आहे. हायकू लिहिणाऱ्या ह्याक्केनला मार्चअखेर गेलेला दीड वर्षाचा बोका का गेला असेल हे कळत नव्हते असे नाही. कारण कळल्याने वाट पाहणे थांबत नाही, एवढेच.

ह्याक्केनच्या गुरूने ही कोरी जागा सर्वांत हुशारीने भरली होती. १९०४ साली सोसेकीच्या घरात एक भटके मांजर शिरले. त्यावरून त्याने 'मी मांजर आहे' ही कादंबरी लिहिली. ती १९०५-०६ मध्ये 'होतोतोगिसु' मासिकात क्रमाने आली. तिथे मांजरच निवेदक. ते रिक्षावाल्याच्या दांडग्या काळ्या बोक्याशी गप्पा मारते, शेजारच्या मनीवर जीव लावते, धनिक कानेदाच्या घरात चोरपावलांनी जाऊन त्यांची बोलणी ऐकते. मांजर बाहेर कुठे जाते याचे सोसेकीचे उत्तर असे की, ते माणसांचा मूर्खपणा पाहायला जाते. कादंबरीच्या शेवटी ते बिअर पिऊन पाण्याच्या रांजणात बुडते. घरचे खरे मांजर १९०८ मध्ये मेले; सोसेकीने त्याला अखेरपर्यंत नाव दिले नाही, पण मेल्यावर शिष्यांना काळ्या किनारीची पत्रे पाठवली. पुढे 'मांजराचे थडगे' या छोट्या लेखात त्याने लिहिले आहे की, ते जिवंत असताना, आजारी पडून मलूल झाले तेव्हा, घरातल्या कोणाचे त्याच्याकडे लक्ष नव्हते. कादंबरीतल्या मांजराने सारे पाहिले, आणि त्या मांजराला कोणी पाहिले नाही. मला तो दोन-तीन पानांचा लेख कादंबरीहून मोठा वाटतो. पण हे मत सध्या मी आग्रहाने मांडत नाही, एकाच अंकात दोन वाद नकोत.

१९५० साली ह्याक्केनने या कादंबरीचा पुढला भाग लिहिला आणि त्याला आपणहून 'बनावट' असे विशेषण लावले. रांजणातले मांजर बाहेर निघते आणि बऱ्याच वर्षांनंतरच्या जगात एका जर्मन शिक्षकाच्या घरी येऊन पुन्हा बोलू लागते. म्हणजे मांजराच्या तोंडी शब्द घालण्याची कला या माणसाच्या हातात होती, गुरूच्या परवान्यासह. सात वर्षांनी त्याच्या घरचा खराखुरा बोका गेला. आता त्या कलेचा मोह किती झाला असेल! 'मी नोरा आहे, झुडपातून बाहेर पडलो तो असा' एवढे एक वाक्य लिहिले असते तर दुःखाला वाट मिळाली असती, वाचकांनाही बरे वाटले असते. त्याने ते लिहिले नाही. झुडपापलीकडे त्याचे गद्य एक पाऊलही टाकत नाही. गद्यात संयम म्हणजे अश्रू आवरणे, असे आम्ही समजत होतो. हा माणूस पानापानावर रडतो आणि तरी ज्या ठिकाणी संयम हवा तिथे तो अढळ आहे.

दोष नाहीत असे नाही. पुस्तकात तेच ते फार येते. पत्रकांचे मजकूर, आलेले निरोप, आज आला नाही, कालही नाही. मध्येच पाने उलटावीशी वाटतात. वाट पाहण्याचे स्वरूपच असे असते हे उत्तर मला सुचते, परंतु ते पुरेसे नाही. कंटाळ्याचे चित्र कंटाळवाणे असलेच पाहिजे असा नियम नाही. दुसरा दोष अधिक गंभीर. बोक्याला खाऊ घालणारी, कडेवर घेऊन फिरणारी त्याची पत्नी होती. तिचे दुःख नवऱ्याच्या रडण्याच्या आडून, काम करता करता दिसते, आणि लेखक त्याची चौकशी करत नाही.

या दुसऱ्या दोषापाशी मी अधिक रेंगाळलो, त्याला घरगुती कारण आहे. १९६९ साली आम्ही पुण्यात एका वाड्यात राहत होतो. भुऱ्या नावाचा बोका आमच्याकडे होता. सकाळी आईच्या पायांत घोटाळायचा, दूधभात खायचा, दुपारी गॅलरीतून कौलांवर उतरून जायचा, दिवेलागणीला परत. फाल्गुनात एके दिवशी तो आला नाही. चार दिवसांनी आई मागल्या वाड्यातल्या मावशींना भिंतीवरून विचारायला गेली.

"अहो, आमचा भुऱ्या दिसला का तुमच्या बाजूला? पिवळा आहे, डावा कान फाटलेला."

"फाटक्या कानाचा? अहो, तो आमचा गणपत! तोही चार दिवस झाले फिरकला नाही."

आई थोडी थबकली. मग म्हणाली, "तुमच्याकडे काय खायचा हो?"

"सुके बोंबील. भाजून घालायची मी त्याला."

आमच्या घरच्या दूधभातावर त्याचे भरणपोषण झाले अशी आईची समजूत होती. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मांजराला कुठलं आलंय सोवळंओवळं." त्या दिवसापासून त्या दोघींचे जमले. तिसरे घर कुठले होते, होते की नाही, ते दोघींनाही कळले नाही.

आई रोज रात्री गॅलरीत दुधाची बशी ठेवी. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि साहित्यावर बोलू लागलो होतो. एकदा मी तिला म्हणालो, "आई, ते दूध दुसरीच मांजरं पितात." ती म्हणाली, "पिऊ देत. त्याला बशी दिसायला हवी." मी हसलो होतो. पुढे 'मादादायो'वर ती चार पाने लिहिताना ही बशी मला एकदाही आठवली नाही. आपल्या घरात घडलेले दुःख परक्या भाषेत समोर आले की समीक्षक ते ओळखत नाही, आणि मग त्याला प्रमाण शिकवू लागतो.

प्रमाणाविषयीच बोलायचे तर, जळलेल्या घराचे काय झाले हे माहीत असते. राख दिसते, दुसऱ्या दिवशी तिच्यातून किटली शोधता येते, नव्या खोपटाची थट्टा करता येते. मेलेल्या मांजराचेही तसेच. नोरा गेल्यावर ह्याक्केनच्या घरी त्याच्यासारखाच दिसणारा, आखूड शेपटीचा दुसरा बोका येऊ लागला. जर्मनच्या या मास्तराने त्याचे नाव 'कुर्त्स', म्हणजे आखूड, असे ठेवले. तो १९६२ साली घरातच, आजारी पडून, माणसांच्या डोळ्यांसमोर मेला. त्याच्यावरच्या लेखनाला आदि, मध्य, अंत आहे; दुःख तिथेही पुष्कळ आहे, पण ते घाटात बसते आणि बसल्यावर निवते. नोराच्या लेखनाला घाट नाही, कारण त्याला शेवटच मिळालेला नाही. लेखामागून लेख तो पुन्हा तिथेच येतो. ही रचनेतली उणीव आहे असे मी विद्यार्थ्यांना शिकवले असते. आज मला वाटते की, दिला असता तर शेवट खोटा झाला असता, आणि हे लेखकाला पक्के ठाऊक होते.

कुरोसावालाही ते ठाऊक होते. मलाच दिसले नाही. चित्रपट मी अलीकडे पुन्हा पाहिला. वाढदिवसाच्या मेजवानीत विद्यार्थी विचारतात ते 'अजून नाही का?', आणि बोका गेल्यावर त्या घरात दारी येणारा प्रत्येक माणूस न बोलता विचारतो तेही तेच. मरणाच्या बाबतीत म्हाताऱ्याला 'अजून नाही' हे शब्द गर्जून म्हणता येतात. मांजराच्या बाबतीत तेच शब्द त्याच्या तोंडून फुटत नाहीत. मी ज्याला प्रमाणाबाहेरचे लांबण म्हटले तो चित्रपटाचा दुसरा तराजू आहे, आणि त्याच्यावाचून पहिल्यातला विनोद हलका पडला असता.

आमचा वाडा पुढे पडला, तिथे आता सहा मजले उभे आहेत. वाड्यात होतो तोवर मावशी सकाळी भिंतीपलीकडून आईला हाक मारत आणि विचारत, "आला का हो?"

"अजून नाही," आई म्हणे, आणि बशी विसळायला घेई.